काळीत पीक, पांढरीत घर

अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून उत्तरेला निघून सातपुड्याचा पायथा गाठेपर्यंत शंभरएक किलोमीटरचे अंतर पडते. एवढ्या पट्ट्यात जमीन चार-पाच वेळा आपला स्वभाव बदलते. चाळीसगावच्या वर, पाटणादेवीच्या बाजूला कुदळ मारली तर वीतभर मातीखाली खडक लागतो. गिरणेच्या खोऱ्यात उतरले की काळी माती कमरेइतकी खोल होते. अमळनेर-चोपड्याच्या तापीकाठी विहीर खणत गेले तरी खडक लवकर हाती लागत नाही. नुसता गाळ, पिवळी माती आणि मधूनमधून वाळूचे थर. तापी ओलांडून यावल-रावेरकडे गेले की सातपुड्याच्या पायथ्याशी नांगराला गोटे लागतात. पश्चिमेला साक्रीकडे वळले तर मुरमाड माळ आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या पांझरेच्या काठची सुपीक चिंचोळी पट्टी दिसते.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत कुठे केळी लावायची, कुठे ज्वारी पेरायची, घर कुठे बांधायचे, पाणी कुठे जिरवायचे, हे सारे या बदलत्या जमिनीवर अवलंबून आहे. माती चांगली की वाईट, असे आपण सहज विचारतो. खानदेशच्या जमिनी पाहिल्या तर प्रश्न असा विचारावा लागतो की ही माती कोणत्या कामाला चांगली आहे? एका कामात नडणारा गुण दुसऱ्या कामात तारतो. माती ओळखून तिला काम दिले तर ती पिढ्यान्‌पिढ्या साथ देते. ओळख न करून घेता काम लादले, तर नुकसान पिकात दिसते, भिंतीत दिसते आणि विहिरीतही दिसते.

एकाच खडकाची लेकरे

खानदेशच्या बहुतेक मातीचा जन्म काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून झाला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. ऊन-पावसाने हा खडक कुजला, फुटला, त्याचा आधी मुरूम झाला आणि मुरमाची माती झाली. डोंगरमाथ्यावर तयार झालेली माती पावसाने खाली ओढून नेली, म्हणून माथ्यावर उथळ बरड राहिली, उतारावर मध्यम जमीन आणि सखल भागात खोल काळी. एकाच गावाच्या शिवारात या तिन्ही जमिनी सापडतात. शेतकरी त्यांना हलकी, मध्यम आणि भारी म्हणतो. त्याच्या या वर्गवारीत खोली, पोत आणि पाणी धरण्याची ताकद या तिन्ही गोष्टी आपोआप आल्या.

धुळे जिल्ह्यात यात आणखी एक भर आहे. जुन्या भेगांत लाव्हा घुसून थिजला आणि त्याच्या लांबच लांब उभ्या भिंती तयार झाल्या. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा भिंती मोठ्या संख्येने आहेत आणि त्या बहुधा पूर्व-पश्चिम धावतात. भोवतालचा खडक झिजला तरी कठीण डाइक टेकड्यांच्या रांगेसारखे उभे राहतात. त्यांच्या अंगावर माती ठरत नाही. जमिनीखाली मात्र ते पाण्याची वाट अडवतात किंवा वळवतात. त्यामुळे अशा भिंतीच्या एका अंगाची विहीर उन्हाळ्यातही तग धरते आणि दुसऱ्या अंगाची कोरडी पडते, असे घडू शकते. विहिरीची जागा ठरवताना हा खडक आधी पाहायचा असतो.

काळ्या मातीचा काळेपणा पाहून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. तिची खरी ताकद चिकणमातीत आहे. बेसॉल्टमधली खनिजे कुजून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती बनते. तिचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते, म्हणून माती फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. एप्रिल-मेमध्ये भारी शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या मीटरभर खोलही जातात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पाऊस आला की भेगा मिटतात आणि खालची माती दाबाने वर ढकलली जाते. दरवर्षी जमिनीची अशी उलथापालथ होत असते. खोल काळ्या जमिनीत खड्डा घेतला तर मीटरभर खाली एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले, चकाकणारे मातीचे पृष्ठ दिसतात. त्या हालचालीचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

पावणेदोन हात, सोळा आणे

मातीची खोली मोजून तिची किंमत ठरवण्याचा मोठा सरकारी प्रयोग 19 व्या शतकात मुंबई इलाख्यात झाला. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून सुरू केलेल्या जमीन मोजणीचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोदून पाहायचे आणि पोत व खोली यांवरून आणे ठरवायचे. उत्तम प्रतीची माती पावणेदोन हात खोल असेल तर जमीन सोळा आण्यांची. तीच माती एक हात खोल असेल तर दहा आणे, अर्धा हात असेल तर सहा. मातीत चुनखडीचे खडे असतील, वाळू जास्त असेल, उतार असेल किंवा पाणी साचत असेल तर त्या दोषासाठी प्रतवारी खाली उतरे.

या पद्धतीमागचे निरीक्षण आजही खरे ठरते. पावणेदोन हात म्हणजे साधारण 80 सेंटिमीटर. आजचा मृदाशास्त्रज्ञ खोल जमीन म्हणतो तेव्हा त्याच्याही मनात मीटरभराच्या आसपासचा आकडा असतो. पण मोजणीचा हेतू शेतसारा ठरवण्याचा होता आणि लोकांनी तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले. 1852 मध्ये ही मोजणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक तिच्याविरुद्ध उठले. मातीची पाहणी म्हणजे साऱ्याची वाढ, अशी त्यांची धास्ती होती. माती तपासणीकडे शेतकऱ्याने विश्वासाने पाहावे असे वाटत असेल, तर तपासणीचा फायदा त्याच्या पदरात पडला पाहिजे, हा त्या घटनेचा धडा आहे.

आजची मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून देशभर दिली जाते. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी असतात. खताची मात्रा ठरवायला त्या उपयोगी आहेत. पण नमुना वरच्या वीतभर थरातला असतो आणि खालच्या मुरमाचा पत्ता त्यातून लागत नाही. बाग लावायची की नाही, हे ठरवायला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो हाताचा हिशेब अजूनही लागतो.

दादरची जमीन, केळीची जमीन

तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीचे खास पीक म्हणजे दादर. ही रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना पेरायची आणि पुढे वरून पाणी न देता मातीतल्या ओलीवर पिकवायची. हे कसे जमते, ते साध्या आकड्यांत पाहता येते. मीटरभर खोल भारी जमीन ढोबळमानाने दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकाला वापरता येईल अशा रूपात साठवते. जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे त्यातला मोठा वाटा जमीन स्वतःच्या पोटात ठेवते आणि थंडीभर दादरला पुरवते. एवढे पाणी साठवायला वेगळे तळे बांधावे लागत नाही. हीच दादर वीतभर मुरमाड जमिनीत पेरली तर पोटरीत येण्याआधीच ओल संपते. तिथे खरिपाची बाजरी, मूग, भुईमूग अशी पावसाबरोबर येऊन पावसाबरोबर निघणारी पिके बरी.

भारी जमीन पाणी धरते तशी ती अडूनही बसते. कोरड्या भेगाळ जमिनीत पहिला पाऊस धाडकन मुरतो, पण एकदा भेगा मिटल्या की पाणी आत शिरायला तयार नसते. चार दिवस झड लागली तर कपाशीची पाने पिवळी पडतात, कारण मुळांना हवा मिळत नाही. वाफसा आल्याखेरीज वखर घालता येत नाही. ओल्यात औत घातले तर ढेकळे निघतात आणि फार वाळल्यावर घातले तर फाळ लागत नाही. भारी जमिनीची शेती म्हणजे वाफशाचे ते मोजके दिवस ओळखण्याचे कसब. सरी-वरंबा, रुंद गादीवाफा आणि उताराला आडवी पेरणी या साऱ्या गोष्टी जादा पाणी काढून देण्यासाठी आणि हवे तेवढे मुरवण्यासाठीच आहेत.

केळीला मात्र खोलीबरोबर निचराही हवा. तिची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत पसरतात आणि पाणी साचले की कुजतात. रावेर-यावलचा पट्टा केळीचा झाला त्यामागे सातपुड्यातून ओढ्या-नाल्यांनी आणलेला गाळ आहे. त्यात चिकणमातीबरोबर पोयटा आणि वाळूचा अंश आहे, म्हणून माती ओल धरते पण तुंबत नाही. जून-जुलैला लावली तर मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपास लावली तर कांदेबाग, असे इथले दोन हंगाम बसले. पुढे ठिबक आणि उतिसंवर्धित रोपे आली, ग्रँड नैन वाण पसरले, आणि 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या भरीत वांग्यालाही त्याच वर्षी ते मिळाले. मानांकन फळाला मिळते, पण ज्या गुणांसाठी ते दिले जाते त्यांत तिथल्या माती-पाण्याचा वाटा असतो.

ठिबकमुळे केळी आता हलक्या जमिनीवरही चढली आहे. त्यातली जोखीम समजून घ्यायला हवी. मे महिन्यात खानदेशात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा वाढलेल्या बागेला दिवसाला आठएक मिलिमीटर, म्हणजे पाच बाय पाच फुटांवरच्या एका झाडाला अठरा-वीस लिटर पाणी लागते. मुळांच्या थरात फूटभरच माती असेल तर तिच्यात वापरता येण्याजोगे पाणी चाळीस-पन्नास मिलिमीटर. त्यातले निम्मे संपले की झाड ताणाखाली येते. म्हणजे वीज गेली किंवा पंप जळला तर शेतकऱ्याच्या हातात तीन दिवस असतात. तीच बाग मीटरभर खोल पोयट्यात असेल तर आठवडा सहज निघतो. ठिबकने हलक्या जमिनीवर केळी येते, यात शंका नाही. पण माती जो आधार फुकट देत होती, तो तिथे वीज, पंप आणि विहीर यांना चोवीस तास द्यावा लागतो.

हलक्या जमिनीला तिच्या जोगी पिके आहेत. डाळिंब, सीताफळ, बोर यांना निचऱ्याची मुरमाड जमीन मानवते. लिंबू-मोसंबीला मध्यम जमीन चांगली. भारी जमिनीत पाणी साचले की बुंध्याला डिंक्या लागतो आणि झाड हळूहळू वाळते. पिकाखेरीजही या जमिनीला काम मिळते: साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. उथळ माती आणि जवळ लागणारा खडक हा शेतीतला दोष खांब रोवणाऱ्याच्या फायद्याचा आहे. अशा वापरासाठी अशी जमीन शोधणे आणि खोल काळी जमीन पिकासाठी राखणे, हेच शहाणपणाचे नियोजन.

फड: माती आणि पाणी यांचा करार

पांझरेच्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून उताराने निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फडांची पिके फिरवायची. एका फडात ऊस, एखाद-दुसऱ्यात हंगामी बागायत आणि पाणी कमी असेल तर उरलेला फड कोरडवाहू. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत असे, म्हणून उसाचा लाभ आणि कोरडवाहूचा तोटा साऱ्यांच्या वाट्याला येई. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, मालक स्वतः बारे फोडत नसे.

या पद्धतीची सामाजिक बाजू पुष्कळांनी वाखाणली आहे. तिची मातीशी असलेली सांगडही तितकीच महत्त्वाची आहे. उसाचे पाणी वर्षभर एकाच जागी पडत राहिले तर भारी जमिनीत पाणी तुंबते, खालचे क्षार वर चढतात आणि जमीन बिघडते. फड फिरल्यामुळे जमिनीला सुकायला वेळ मिळे. शेजाऱ्याच्या उसाचे पाणी आपल्या गव्हात उतरण्याचा प्रश्न येत नसे, कारण शेजाऱ्याकडेही गहूच असे. नदीकाठची ही उताराची, निचऱ्याची जमीन फडांनी शतकानुशतके पाणी देऊनही जिवंत ठेवली. कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणी बारमाही झाले आणि निचऱ्याची सोय मागे राहिली, अशा ठिकाणी महाराष्ट्रभर जमिनी चोपण झाल्या. त्या अनुभवापुढे फडाचे मोल कळते.

चोपण शेतात नडते, धाब्यावर तारते

चोपण जमिनीत सोडियम वाढलेला असतो. सोडियममुळे मातीच्या कणांची जुळणी सुटते. पाणी पडले की कण विखुरतात, छिद्रे बुजवतात आणि वर चिकट, बंद थर तयार होतो. पाणी आत जात नाही, अंकुर वर येत नाही. सामू साडेआठच्या वर गेलेला असतो. अशा जमिनीला उपाय म्हणजे आधी चर काढून निचरा, मग जिप्सम, आणि धैंचा-तागासारखे हिरवळीचे खत. निचऱ्याविना जिप्सम घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

आता खानदेशातले जुने धाब्याचे घर पाहू. भिंतींवर लाकडी सरे, त्यांच्यावर फळ्या किंवा काड्या, वर पाला आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची, हा नेम होता. खारीच का? कारण शेतात जो दोष, तोच छतावर उपयोगी. पहिल्या सरीत तिचे कण विखुरतात, बारीक छिद्रे बुजतात आणि छत पाण्याला बंद होते. काळी माती छतावर घातली असती तर उन्हात भेगाळली असती आणि पहिल्याच पावसात घर गळले असते. ज्यांनी हे ठरवले त्यांनी सोडियमचे नाव ऐकले नव्हते. पण कोणती माती पाण्यात कशी वागते, हे त्यांनी पुरते पारखले होते.

गावाच्या जागेचाही असाच विचार होता. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती, ही विभागणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पांढरीचा उंचवटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, चुन्याने, पडलेल्या भिंतींच्या मातीने चढत गेलेला असतो. गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे इथे 1950 च्या दशकात उत्खनने झाली आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. नदीजवळ पण पुरापासून उंच, शेताला लागून पण शेतात नाही, अशी ही जागा. पांढरीची माती काळीसारखी फुगत नाही. घर टिकते आणि पिकाची जमीनही वाचते.

काळीवर घर बांधताना

आज शहरे पांढरी ओलांडून काळीत उतरली आहेत. महामार्गालगतच्या शेतांत प्लॉट पडतात, घरे उभी राहतात आणि दोन-चार पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. फरशी मधोमध फुगते, दार चौकटीत अडते. गवंड्याने सिमेंट कमी टाकले, असा संशय लगेच घेतला जातो. पुष्कळदा कारण पायाखाली असते.

पावसाळ्यात घराच्या कडेची माती ओली होऊन फुगते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची माती आधी आकसते, मधली ओल धरून असते. घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा खचतो, आणि विटेच्या भिंतीला हा ताण सोसत नाही. याचा फटका हलक्या एकमजली घराला जास्त बसतो. चार मजली इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला बरेचसे दाबून धरते. एकमजली घर तिच्यापुढे हलके पडते.

म्हणून बांधकामाआधी मातीची एक सोपी चाचणी होते. वाळवलेल्या, बारीक चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे. शंभर मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत टाकायचे. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, ती आपल्या मूळ आकारमानात बसते. पाण्यातली माती फुगून वर चढते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के, तो मुक्त फुगवटा निर्देशांक. तो 50 च्या वर गेला की अभियंत्याने सावध व्हायचे. एवढ्याशा चाचणीने लाखोंचे घर वाचू शकते.

उपायही माहीत आहेत. पाऊस-उन्हाने ओल कमी-जास्त होते तो थर काळ्या मातीत सुमारे साडेतीन मीटरपर्यंत जाऊ शकतो. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर पाया थेट त्याच्यावर न्यावा. खोल असेल तर खाली कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात ते या मातीसाठी विकसित केले. या खांबांवर तुळया घालून भिंती उभ्या केल्या की मातीची हालचाल घरापर्यंत पोहोचत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की फुगणाऱ्या मातीवर मीटरभर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर दिला तर खालचा फुगवटा पुष्कळच आवरतो. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत मोलाची ठरली. रस्त्यांसाठी काळ्या मातीत चुना मिसळला की ती फुगणे सोडते आणि वजन पेलू लागते.

साध्या घरालाही काही पथ्ये पाळता येतात. जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू नये, मुरूम भरून पाणी मारून ठोकावा. जोत्याला काँक्रीटची पट्टी द्यावी. घराभोवती चार-पाच फुटांची उताराची फरसबंदी करावी, म्हणजे भिंतीलगतची ओल स्थिर राहते. न्हाणीचे पाणी, संडासाचा शोषखड्डा आणि पिंपळ-वडासारखी झाडे भिंतीपासून लांब ठेवावीत.

तापीकाठच्या गाळाच्या जमिनीचा धोका वेगळा आहे. अमळनेर, चोपडा, शिरपूर भागात नदीला आणि नाल्यांना लागून खोल घळी पडल्या आहेत. या बारीक गाळाला पाण्याचा मारा सोसत नाही. वाहते पाणी आधी बारीक ओहळ पाडते, मग कडा ढासळतात आणि घळ शेताच्या अंगावर मागे सरकत येते. तिच्या तोंडावर घर किंवा रस्ता नको; तिथे गवत, बाभूळ, बांबू यांचे आच्छादन हवे आणि वरच्या शेतांचे पाणी बांधातून सावकाश उतरवायला हवे.

पाणी कुठे मुरते

यावल-रावेरच्या केळीसाठी उपसा इतका वाढला की तिथले भूजल वर्षानुवर्षे खोल जात राहिले. या भागाचे दैव असे की पाणी मुरवायची उत्तम जागाही इथेच आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे आणि जाड वाळूचा पट्टा टाकला आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. पिकाला ही जमीन कमअस्सल, कारण पाणी तिच्यात थांबत नाही. नेमक्या त्याच कारणाने ती तापीखोऱ्याच्या भूजलाचे प्रवेशद्वार आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात 2025 मध्ये तापी पुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला, तो याच गुणावर आधारलेला. म्हणून या पट्ट्यावर काँक्रीट ओतणे किंवा तिथले गोटे-वाळू उपसून नेणे म्हणजे खालच्या प्रत्येक विहिरीचे तोंड बंद करणे.

शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामाचा पायाही मातीच्या ओळखीचा आहे. गाळाच्या भागात वरची पिवळी चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. नाल्यात नुसता बंधारा घालून पाणी अडवले तर ते उन्हाने उडून जाते. म्हणून नाला रुंद आणि खोल करून तो थर छेदायचा, खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत वाट करून द्यायची आणि मग सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी करायची, असे हे शिरपूर पॅटर्नचे तत्त्व. त्याची नक्कल करताना पिवळी माती कुठे आणि किती जाड आहे, हे न पाहता सरसकट नाले खोदले तर पैसाही जातो आणि नालाही बिघडतो.

धरणातला गाळ शेतात नेण्याची योजना राज्यात 2017 मध्ये सुरू झाली. तिथेही हाच विवेक हवा. मुरमाड जमिनीवर गाळाचा थर पडला की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. आधीच भारी असलेल्या जमिनीवर तोच गाळ टाकला तर निचरा आणखी मंदावतो.

आधी खड्डा, मग निर्णय

या प्रकरणातले बरेचसे ज्ञान एका खड्ड्यात मिळते. बाग लावायची असो वा घर बांधायचे, जमिनीच्या निरनिराळ्या भागांत, उन्हाळा संपता-संपता, मीटर-दीड मीटर खोल खड्डे घ्यावेत. माती किती खोलीवर संपून मुरूम लागतो, ते मोजावे. भेगा कुठवर गेल्यात, जुन्या पिकाची मुळे कुठे थांबलीत, ते पाहावे. चुनखडीच्या खड्यांचा थर लागला तर त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आला की चुना आहे. खड्डा पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर तिथे केळी आणि लिंबूवर्गीय झाडे लावण्याआधी चर काढावे लागतील. चोपणाची शंका असेल तर सुक्या मातीचा वाटाण्याएवढा खडा पावसाच्या स्वच्छ पाण्याच्या पेल्यात हलवल्याविना सोडावा. तो नुसता ढासळून तळाशी बसला तर काळजी कमी. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरत गेला तर कण विखुरताहेत आणि जमिनीला जिप्समची गरज असू शकते. मग नमुना प्रयोगशाळेत द्यावा, बांधकामाचा असेल तर अभियंत्याकडे न्यावा.

एका घराचा, एका शेताचा निर्णय असा सुधारेल. पण सर्वांत मोठे नुकसान एकेकट्या खड्ड्याने टळणार नाही. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात आणि मीटरभर खोल काळ्या जमिनीवर एकदा वसाहत उभी राहिली की ती जमीन पिकाखाली परत येत नाही. त्या वसाहतीलाही तीच माती भेगा पाडत राहते. म्हणजे शेतीचे जाते आणि घराचेही साधत नाही. शहराच्या कडेला, थोड्या अंतरावर, मुरमाड माळ असतो. तिथे पाया स्वस्त, भिंत सुरक्षित, आणि गेलेल्या पिकाची किंमत कमी. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर यांच्या वाढीचे आराखडे करताना रस्त्यांच्या नकाशाशेजारी मातीच्या खोलीचा नकाशा ठेवला पाहिजे आणि शेतजमीन अकृषिक करण्याच्या प्रत्येक अर्जासोबत तिथल्या खड्ड्याची नोंद मागितली पाहिजे. शेतसाऱ्यासाठी शेताशेतात खड्डे घेणे 1852 मध्ये शक्य झाले होते. अन्न, पाणी आणि घर यांच्यासाठी ते आज करणे त्याहून सोपे आहे, आणि त्याचा लाभ थेट खानदेशच्या लोकांनाच होणार आहे.